टर्नटेबलचं कार्ट्रिज: कोणतं घ्यायचं आणि कसं बसवायचं?

रेकॉर्ड वाजत असताना तिला टेकलेली वस्तू एकच असते: सुईच्या टोकावरचा हिऱ्याचा बारीक कण. मोटर, आर्म, ॲम्प्लिफायर, स्पीकर हे सगळे त्याच्या मागे उभे असतात. हा कण ज्या छोट्या डबीला जोडलेला असतो तिला कार्ट्रिज म्हणतात. घरातली मोठी माणसं या सुईला 'पिन' म्हणतात. एखादा तेच तेच बोलत राहिला की 'याची पिन अडकलीय' म्हणतात, ती हीच पिन.

कार्ट्रिज साध्या इअरफोनच्या किमतीपासून मिळतं आणि वर लाखांपर्यंत जातं. दुकानदार पुष्कळदा ब्रँड आणि किंमत सांगतो, पण ते तुमच्या आर्मला चालेल का, बसवायचं कसं, किती तास टिकेल हे सांगत नाही. या लेखात तेच बघू.

माझ्याकडे टेक्निक्स एसएल-१२०० एमके७ आहे आणि मामाकडून आलेल्या दीडेकशे एलपी आहेत. त्यात बहुतेक ख्याल आणि नाट्यसंगीत. यातल्या बऱ्याच रेकॉर्ड मला कुठल्याही स्ट्रीमिंग ॲपवर सापडलेल्या नाहीत. फाइल करप्ट झाली तर बॅकअप असतो. रेकॉर्डची खाच एकदा खरवडली गेली की तो आवाज कायमचा गेला. म्हणून मी कार्ट्रिजकडे आवाज 'भारी' करायची वस्तू म्हणून नंतर बघतो, आधी बघतो ते रेकॉर्ड जपायची वस्तू म्हणून.

तुमच्या प्लेअरला कार्ट्रिज बदलता येतं का?

खरेदीच्या आधी हे बघा. आर्मच्या मागच्या टोकाला फिरवता येणारं वजन, म्हणजे काउंटरवेट आहे का? पुढच्या टोकाला कार्ट्रिज दोन स्क्रूंनी बसवलेलं आहे का? दोन्ही उत्तरं 'हो' असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

सूटकेससारख्या दिसणाऱ्या, आत स्पीकर असलेल्या स्वस्त प्लेअरमध्ये बहुतेक वेळा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याची सुई रेकॉर्डवर ५ ग्रॅमच्या आसपास वजनाने दाबते. चांगल्या कार्ट्रिजला दीड ते अडीच ग्रॅम पुरतात. अशा प्लेअरवर महाग कार्ट्रिज बसवता येत नाही, तेव्हा त्यात पैसे घालू नका. काउंटरवेट असलेला साधा प्लेअर घेणं जास्त शहाणपणाचं. घरातल्या जुन्या, पुन्हा न मिळणाऱ्या एलपी तर त्यावर लावूच नका.

आत काय घडतं?

एलपीची खाच इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी असते. तिच्या दोन भिंती, प्रत्येक ४५ अंशांत तिरकी. आतल्या बाजूच्या भिंतीवर डावा चॅनल, बाहेरच्या भिंतीवर उजवा. सुई या भिंतींमधून जाताना थरथरते, ती थरथर कँटिलिव्हर नावाच्या बारीक काडीतून मागे जाते आणि तिथे तिची वीज होते.

काडीच्या मागच्या टोकाला चुंबक असेल आणि कॉइल स्थिर असेल तर ते मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम. कॉइल हलत असेल आणि चुंबक स्थिर असेल तर मूव्हिंग कॉइल, म्हणजे एमसी. एमएममधून साधारण ३ ते ६ मिलिव्होल्ट मिळतात, बहुतेक एमसीमधून ०.२ ते ०.५. म्हणून एमएमला ४० डेसिबल, म्हणजे शंभरपट वाढवणारा फोनो स्टेज पुरतो. एमसीला ६० डेसिबल, म्हणजे हजारपट लागतो. हजारपट वाढवताना घरातल्या वायरिंगची गुणगुणही हजारपट वाढते, हे लक्षात ठेवा.

फोनो स्टेज आणखी एक काम करतो. रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम कमी केलेला असतो आणि ट्रेबल वाढवलेला असतो. १९५४ च्या आरआयएए मानकाप्रमाणे फोनो स्टेज ते उलटं करून देतो. टर्नटेबलची केबल थेट ऑक्समध्ये घातली की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा का येतो, त्याचं कारण हेच.

सगळ्यात महत्त्वाचं: हिऱ्याचा आकार

फोन घेताना आपण मेगापिक्सेल बघतो, पण फोटो ठरवते लेन्स. कार्ट्रिजमध्ये लेन्सच्या जागी आहे हिऱ्याच्या टोकाचा आकार. एमएम की एमसी यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते आधी आकार ठरवा, बाकी नंतर.

कारण साध्या गणितात आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, सुरुवातीलाही आणि शेवटीही. पण बाहेरचा फेरा मोठा, आतला लहान. बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर रेकॉर्ड सरकते, सगळ्यात आतल्या खाचेत फक्त २१. म्हणजे तोच सूर आतल्या बाजूला अडीचपट कमी जागेत कोंबलेला असतो. १० किलोहर्ट्झची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते, आत २१ मायक्रॉन.

आता सुईकडे बघा. शंकूच्या आकाराच्या साध्या सुईचं टोक गोल असतं, त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन. म्हणजे ३० मायक्रॉनहून मोठा चेंडू २१ मायक्रॉनच्या लाटेत उतरवायचा. तो नीट उतरतच नाही. ट्रकचं चाक छोट्या खड्ड्यावरून नुसतं पुढे जातं, सायकलचं चाक आत जाऊन बाहेर येतं, तसं. इलिप्टिकल सुईची बाजूची त्रिज्या ८ मायक्रॉनच्या आसपास असते आणि मायक्रोलिनिअरची जेमतेम ३. मायक्रोलिनिअर टोक आतल्या लाटाही व्यवस्थित वाचतं. शिबाता हा आकार मधला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या जेव्हीसीने चार चॅनलच्या रेकॉर्ड काढल्या. त्यात ३० किलोहर्ट्झचा एक वाहक सिग्नल असायचा. तो वाचण्यासाठी नोरिओ शिबाता यांनी हा आकार शोधला.

आता हे आपल्या संगीताला लावून बघा. रॉक किंवा सिनेमाच्या एलपीवर शेवटचं गाणं अनेकदा संथ असतं, कारण आतल्या खाचेची अडचण रेकॉर्ड काढणाऱ्यांना माहीत होती. ख्यालाला ही सोय नाही. विलंबित बाहेरच्या बाजूला सुरू होतो, आणि द्रुत, ताना, शेवटचा सगळा भडिमार नेमका सगळ्यात आतल्या खाचेत येतो. त्यात आपल्याकडच्या शास्त्रीय एलपींची एकेक बाजू वीस-बावीस मिनिटांची, म्हणजे खाच लेबलच्या अगदी जवळ गेलेली. जिथे गवय्याचा आवाज सगळ्यात चढलेला असतो, तिथेच साधी सुई सगळ्यात कमी पडते. ताना 'फाटल्यासारख्या' ऐकू आल्या की लोक रेकॉर्ड जुनी झाली म्हणतात. खूपदा रेकॉर्ड ठीक असते, सुई साधी असते.

म्हणून तुमच्याकडे शास्त्रीय संगीताच्या एलपी जास्त असतील तर माझा सल्ला स्पष्ट आहे: चांगल्या एमएम बॉडीवर मायक्रोलिनिअर किंवा शिबाता सुई. तेवढ्याच पैशांत साध्या इलिप्टिकल सुईचं एमसी घेण्यापेक्षा हे बरं.

सुई बदलता येते, हा एमएमचा मोठा फायदा

ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम९५ मालिकेत एकाच बॉडीवर शंकू, इलिप्टिकल, मायक्रोलिनिअर, शिबाता अशा सगळ्या सुया बसतात. सुई हाताने ओढून काढायची, दुसरी लावायची. आज बजेट कमी असेल तर इलिप्टिकलवाली 'ई' घ्या, पुढच्या वर्षी फक्त 'एमएल' सुई घ्या. बॉडीला हात लावायला नको. ऑर्टोफॉन ही १९१८ साली सुरू झालेली डेन्मार्कची कंपनी. तिच्या २एम मालिकेतही अशीच सोय आहे: रेडच्या बॉडीवर ब्लू सुई बसते, ब्राँझच्या बॉडीवर ब्लॅक. २एम ब्लॅकची सुई शिबाता आकाराची आहे.

एमसीत बहुतेक वेळा ही सोय नसते. सुई झिजली की कार्ट्रिज कंपनीकडे परत पाठवायचं, कारागिराकडून नवं टोक बसवून घ्यायचं किंवा नवंच घ्यायचं. मग लोक एमसी घेतात तरी का? कॉइल हलकी असते, तिच्यामुळे बारीक तपशील, वाद्यांमधली मोकळी जागा जास्त ऐकू येते. वरच्या किमतीच्या कार्ट्रिजमध्ये कँटिलिव्हरही ॲल्युमिनियमऐवजी बोरॉनचा असतो, तो जास्त कडक आणि हलका. फरक खरा आहे. पण तो ऐकायला फोनो स्टेज, आर्म आणि सेटिंग त्याच तोडीचं लागतं. नाहीतर महागाच्या एमसीतून ऐकू येते ती गुणगुण.

सेकंडहँड टर्नटेबलबरोबर जुनं शुअर कार्ट्रिज आलं असेल तर एवढं माहीत असू द्या: शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं. मूळ सुया आता बनत नाहीत. जपानची जिको कंपनी त्यांच्यासाठी चांगल्या पर्यायी सुया बनवते. 'ओरिजिनल' म्हणून अगदी स्वस्तात मिळणाऱ्या सुयांपासून लांब राहा.

आर्मशी जमतं का? एक सूत्र पुरतं

आर्म आणि कार्ट्रिज मिळून एक स्प्रिंग आणि वजन तयार होतं. त्याची एक स्वतःची कंपनसंख्या असते. ती फार खाली गेली तर वाकड्या रेकॉर्डवर किंवा कुणी जोरात चाललं की आर्म हेलकावे खातो. फार वर गेली तर संगीताच्या बासमध्ये लुडबुड करते. ८ ते १२ हर्ट्झ हा चांगला पट्टा.

सूत्र असं: आर्मचं इफेक्टिव्ह मास, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन ग्रॅममध्ये मिळवा. त्याला कार्ट्रिजच्या कम्प्लायन्सने गुणा. वर्गमूळ काढा. १५९ ला त्या आकड्याने भागा. झालं.

टेक्निक्स एसएल-१२०० च्या आर्मचं इफेक्टिव्ह मास साधारण १२ ग्रॅम धरतात. २एम रेडचं वजन ७.२ ग्रॅम, कम्प्लायन्स २०. स्क्रूंचा १ ग्रॅम धरून बेरीज २०.२. गुणाकार ४०४, वर्गमूळ २०.१, उत्तर ७.९ हर्ट्झ. काठावर आहे, पण चालतं.

आता एक मेख. जपानी कंपन्या कम्प्लायन्स बहुधा १०० हर्ट्झवर मोजून छापतात, बाकीच्या कंपन्या १० हर्ट्झवर. डेनॉनचं डीएल-१०३ हे प्रसिद्ध एमसी घ्या. साठच्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी ते तयार झालं आणि अजूनही बनतं. कागदावर कम्प्लायन्स ५, वजन ८.५ ग्रॅम. तसंच सूत्रात घातलं तर १५ हर्ट्झच्या वर उत्तर येतं, आणि माणूस 'जमत नाही' म्हणून सोडून देतो. १०० हर्ट्झचा आकडा साधारण दीड ते दोनने गुणला की १० हर्ट्झचा अंदाज मिळतो. मग उत्तर ११ ते १२.५ च्या दरम्यान येतं, म्हणजे १२ ग्रॅमच्या आर्मवर ते खुशाल लावता येतं. उलट फार हलक्या आर्मवर त्याची गाडी बिघडते. मात्र डीएल-१०३ ची सुई शंकूच्या आकाराची आहे. त्याचा आवाज भरीव आणि लाघवी, मला आवडतो, पण ख्यालाच्या एलपीसाठी मी ते घेणार नाही.

इलेक्ट्रिकल जुळणी थोडक्यात. एमएमसाठी फोनो स्टेजचा इनपुट ४७ किलोओहम असतोच, पण केबल आणि इनपुट मिळून कपॅसिटन्स किती होतो ते बघा. व्हीएम९५ साठी कंपनी १०० ते २०० पिकोफॅरड सांगते, २एम रेडसाठी १५० ते ३००. फार जास्त झाला तर ट्रेबल चरचरीत होतो. म्हणून केबल विनाकारण लांब नको. एमसीसाठी लोड त्याच्या अंतर्गत रोधाच्या दसपटीच्या आसपास ठेवून सुरुवात करा.

बसवणं: घाई नको, रविवारची दुपार ठेवा

लागणारं सामान: छोटा स्क्रूड्रायव्हर, शक्यतो चुंबकत्व नसलेला, निमुळत्या तोंडाची पकड, सुईचं वजन मोजायचा डिजिटल काटा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. आणि प्रोट्रॅक्टर, म्हणजे अलाइनमेंटचा कागद. काटा स्वस्तात मिळतो आणि तो वगळू नका. काउंटरवेटवरचे आकडे अंदाजापुरते असतात.

प्लग काढा, सुईवर टोपी लावून ठेवा. एमसीतला चुंबक इतका जोरदार असतो की स्टीलचा स्क्रूड्रायव्हर स्वतःहून सुईकडे झेपावतो. फोनही बाजूला ठेवा, त्याच्या स्पीकरमध्ये आणि वायरलेस चार्जिंगच्या कड्यात चुंबक असतात.

हेडशेलच्या चार बारीक वायर रंगाप्रमाणे लावायच्या: पांढरी डाव्या चॅनलची प्लस, निळी डाव्याची मायनस, लाल उजव्याची प्लस, हिरवी उजव्याची मायनस. पकडीने फक्त क्लिप धरा, वायर ओढू नका. कार्ट्रिजच्या पिनांना सोल्डरिंग कधीही करू नका, उष्णतेने आतली तार तुटते. स्क्रू आत्ता सैलच ठेवा.

टर्नटेबल सपाट आहे का ते फोनच्या लेव्हल ॲपने बघा. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन तिरका बसतो, म्हणून कडेवर उभा ठेवून तपासा. प्लेटरचा वेगही फोनने मोजता येतो. जायरोस्कोप वापरणारी आरपीएम ॲप मिळतात: आर्म स्टँडवर अडकवा, फोन प्लेटरवर ठेवा, सुरू करा, ३३.३ च्या आसपास आकडा दिसला पाहिजे.

पुढे वजन. अँटिस्केट शून्यावर, काउंटरवेट फिरवून आर्म हवेत तरंगेल असा करा, मग कंपनीने सांगितलेलं वजन द्या. व्हीएम९५ साठी ते २ ग्रॅम, २एम रेडसाठी १.८, डीएल-१०३ साठी २.५. काट्यावर तपासा. 'हलकं ठेवलं तर रेकॉर्ड कमी झिजेल' असं वाटणं साहजिक आहे, पण होतं उलट. कमी वजनाची सुई मोठ्या आवाजात भिंतीवरून उडते आणि परत आपटते, आणि हिऱ्याचा तो घाव प्लॅस्टिकवर राहतो. सांगितलेल्या वजनाच्या किंचित वर गेलात तरी चालेल, खाली जाऊ नका.

मग अलाइनमेंट. रेकॉर्ड कापणारं टोक सरळ रेषेत आत जातं, आपला आर्म मात्र कमानीत फिरतो. म्हणून सुई पूर्ण रेकॉर्डवर फक्त दोन ठिकाणी अगदी अचूक कोनात असते. हे दोन बिंदू कुठे ठेवायचे यावर लोफग्रेन यांनी १९३८ मध्ये गणित मांडलं. आज सगळ्यात जास्त वापरली जाणारी जोडी केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरची आहे. स्टीव्हनसनच्या पद्धतीत ते ६०.३ आणि ११७.४ वर येतात.

प्रोट्रॅक्टरची पीडीएफ डाउनलोड करून झेरॉक्सवाल्याकडे छापणार असाल तर त्याला 'ॲक्चुअल साइज' सांगा. पानात मावण्यासाठी प्रिंटर कागद तीन-चार टक्के लहान करतो आणि मग सगळी मेहनत वाया जाते. छापल्यावर कागदावरची १०० मिलिमीटरची रेघ पट्टीने मोजा. कागद प्लेटरवर ठेवा, सुई हलकेच बिंदूवर टेकवा, आणि कँटिलिव्हर रेघांना समांतर दिसेपर्यंत कार्ट्रिज पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सरकवा. बॉडी नव्हे, कँटिलिव्हर बघायचा, कारण तो बॉडीत कधी कधी किंचित तिरका असतो. इथे फोनचा मॅक्रो कॅमेरा कामाला येतो, समोरून फोटो काढून मोठा करून बघा. दोन्ही बिंदूंवर जुळलं की स्क्रू आलटून पालटून घट्ट करा, वजन पुन्हा तपासा.

टेक्निक्सवाल्यांसाठी एक गोष्ट. कंपनी सांगते ती पद्धत सोपी आहे: हेडशेलच्या मागच्या रबरापासून सुईपर्यंत ५२ मिलिमीटर. पुष्कळ जण म्हणतात ही सेटिंग 'चुकीची' आहे. मी आकडे घालून पाहिलं: आर्मची लांबी २३०, ओव्हरहँग १५ मिलिमीटर, कोन २२ अंश. अचूक बिंदू येतात ५८.८ आणि ११३.५ वर. म्हणजे बाहेरच्या काठावर कोन अडीच अंशांहून जास्त चुकतो, पण लेबलजवळ जवळपास शून्य. ६६ वाल्या पद्धतीत बाहेर १.९ अंश आणि आत पाऊण अंशाच्या आसपास. पॉप ऐकणाऱ्याला दुसरी बरी. माझ्या ख्यालाच्या रेकॉर्डना मात्र टेक्निक्सची मूळ सेटिंग चपखल बसते, कारण मला सूट बाहेरच्या विलंबितात चालते, आतल्या द्रुतमध्ये नाही. कार्ट्रिज मी ५२ वरच ठेवलंय.

उंचीचं फार डोक्यात घेऊ नका. सुई रेकॉर्डवर असताना आर्म बाजूने बघून आडवा, रेकॉर्डला समांतर दिसला की सुरुवातीला पुरे. मायक्रोलिनिअर आणि शिबाता सुया उंचीबद्दल जास्त चोखंदळ असतात, त्यांच्यासाठी नंतर एकेक मिलिमीटर वर-खाली करून ऐका. समोरून बघता सुई उभी सरळ हवी. छोटा आरसा स्थिर प्लेटरवर ठेवून त्यावर सुई टेकवली तर सुई आणि तिचं प्रतिबिंब एका रेषेत दिसलं पाहिजे.

अँटिस्केट वजनाइतकाच ठेवून सुरुवात करा. फिरती रेकॉर्ड सुईला केंद्राकडे ओढते, तेव्हा सुई आतल्या भिंतीवर जास्त रेलते आणि बाहेरच्या भिंतीवर तिची पकड सुटते. म्हणून मोठ्या आवाजात आधी उजवा चॅनल फाटत असेल तर अँटिस्केट थोडा वाढवा, डावा फाटत असेल तर कमी करा. तपासायला साइन वेव्हची टेस्ट रेकॉर्ड नसली तरी चालेल. एखाद्या गायिकेच्या एलपीवर लेबलजवळचा भाग लावा आणि 'स', 'श', 'च' ऐका. ते स्वच्छ येत असतील, थुंकी उडाल्यासारखे येत नसतील, तर सेटिंग जमलं.

किती टिकतं?

वीस मिनिटांच्या एका बाजूची खाच उलगडली तर साधारण ४३० मीटर भरते. ३०० तास वाजवलं म्हणजे हिरा ३९० किलोमीटर घासत गेला, जवळपास मुंबई ते कोल्हापूर. व्हीएम९५ मालिकेसाठी ऑडिओ-टेक्निका असे तास सांगते: इलिप्टिकल ३००, शंकू ५००, शिबाता ८००, मायक्रोलिनिअर १०००. मायक्रोलिनिअर सुई इलिप्टिकलच्या तिप्पट किमतीची असली तरी तासाचा हिशेब सारखाच पडतो, आणि आवाज वर मिळतो. रोज एक पूर्ण एलपी ऐकणाऱ्याचे वर्षाला २५० तासांच्या आसपास होतात.

झिजलेल्या हिऱ्याला धारदार कडा येतात आणि तो खाच कापत जातो. आवाज बिघडलेला कानाला कळेपर्यंत बऱ्याच रेकॉर्डचं नुकसान झालेलं असतं, म्हणून कानावर विसंबू नका. मी फोनच्या नोट्समध्ये प्रत्येक एलपीमागे पाऊण तास लिहितो. सेकंडहँड कार्ट्रिज घेतलंत तर त्याची सुई झिजलेलीच आहे असं धरा आणि नवी लावा.

सुई ब्रशने मागून पुढे पुसा, म्हणजे आर्मकडून तुमच्याकडे. आडवं कधीच नाही. पावसाळ्यात कव्हरला बुरशी येते, ती खाचेत गेली की हिऱ्याबरोबर फरफटते. रेकॉर्ड आधी स्वच्छ करा, मगच लावा. आणि सगळ्यात जास्त कँटिलिव्हर मोडतात ते झाडपूस करताना, फडक्याच्या एका फटक्याने. ऐकून झालं की टोपी लावा, घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

आजोबांच्या ७८ च्या तबकड्या असतील तर

त्या लाखेच्या असतात आणि त्यांची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद. एलपीची सुई त्यांच्या तळाशी जाऊन घसरत राहते, आवाजात नुसती खरखर येते आणि महागाची सुईही खराब होते. व्हीएम९५ च्याच बॉडीवर बसणारी 'एसपी' ही वेगळी सुई ७८ साठी मिळते, टोक जाड, वजन ५ ग्रॅमच्या आसपास. ती लावली की काउंटरवेट पुन्हा काट्यावर मोजायचं, आणि एलपीवर परत येताना तितक्याच आठवणीने २ ग्रॅमवर आणायचं. मी हेडशेलच दुसरं ठेवलंय, त्यावर चिकटपट्टी लावून '७८' लिहिलंय. प्लेअरला ७८ चा वेग आहे का तेही बघा. एमके७ ला आहे, अनेक नव्या प्लेअरना नसतो.